गळ्यातला शहाणा

अभिनंदन मगदूम बायकोला उत्तर देण्याआधी फोन बघायचा. आमटीत मीठ कमी आहे का, गॅस संपत आलाय का, प्रश्न कुठलाही असो, हा गृहस्थ आधी खिशातून फोन काढणार, प्रणिताचा आकडा बघणार आणि मग ठरवणार, की समोर उभी असलेली बाई बोलतेय की तिचा आजार. आकडा हिरव्या पट्ट्यात असला तर बायको, लाल असला तर आजार. गेले चार महिने आकडा लालच होता. त्यामुळे सांगलीतल्या त्या तीन मजली घरात प्रणिता नावाची बाई राहतच नव्हती म्हटलं तरी चालेल.

"लाडवात काहीतरी आहे," त्या सकाळी ती म्हणाली.

अभिनंदनने फोन काढला.

"फोन ठेवा खाली. मी लाडवाबद्दल विचारतेय, थायरॉइडबद्दल नाही. माईचा अळिवाचा लाडू मी लहानपणापासून खातेय. त्याने बाळंतिणीच्या अंगात बळ येतं, दूध येतं. महिन्याभरात कपाळावर नवे केस उगवत नाहीत. आपल्या लाडवाने उगवायला लागलेत म्हणे. तुम्ही त्यात काय घालता?"

"वरच्या लालमध्ये आहेस," तो फोनकडे बघत प्रेमाने म्हणाला. ते प्रेम ऐकून तिच्या अंगावर काटा यायचा. "शंका घेणं, चिडचिड, झोप उडणं. सगळं लिहिलंय की इथं. तुझा दोष नाही गं त्यात."

"झोप उडणं? मी बसल्या जागी पेंगतेय."

"तेच की! रात्री लागत नसणार."

अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अभिनंदनची आई, जिला घरात सगळे आक्का म्हणत, तिने बशीत लाडू आणून ठेवला. "उगं डोस्क्याला ताप करून घेऊ नगंस. खा बघू." लाडवाच्या खोक्यावर प्रणिताचाच फोटो होता, कमरेखाली केस सोडलेला. खऱ्या प्रणिताच्या वेणीची आता शेपटी झाली होती आणि कंगव्यात रोज मूठभर गुंतवळ निघत होतं. पण खोक्यावरच्या बाईनेच लाडू सोडला तर लोक काय म्हणतील? म्हणून सकाळी एक, संध्याकाळी एक. तिने खाल्ला.

थायरॉइड ही गळ्याच्या खळीत बसलेली छोटीशी ग्रंथी. अंगाची आंच किती ठेवायची ते ती ठरवते. आंच कमी झाली की माणूस थंड, सुजट, मंद होतो. जास्त झाली की घाम, धडधड, वजन उतरणं. तिच्यावर नजर ठेवायला मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची दुसरी, वाटाण्याएवढी ग्रंथी असते. थायरॉइडने कामात कुचराई केली की ती टीएसएच नावाचं रसायन सोडून ओरडायला लागते. सून जितकी सुस्त तितका सासूचा आवाज मोठा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. टीएसएच चढला म्हणजे थायरॉइड मंद, उतरला म्हणजे तेज.

प्रणिताच्या बाळंतपणानंतर तिच्या अंगातल्या राखणदार पेशींनी घरच्याच ग्रंथीला चोर समजून खाऊन टाकलं. हा आजार बायकांत सर्रास होतो. मग वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, त्यानंतर अर्धा तास चहा नाही, आणि अधूनमधून रक्त तपासणी. कटकट होती, पण तिची तिला कळत होती. पुढे 'कंठमित्र' आलं. हरभऱ्याएवढं यंत्र गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत बसवायचं. ते दिवसरात्र रक्तातला टीएसएच आणि थायरॉक्सिन मोजतं, दोन्ही मिळून एक आकडा काढतं आणि त्याप्रमाणे स्वतःच औषध सोडतं. मधे हिरवा पट्टा, वरचा लाल म्हणजे तेज, खालचा लाल म्हणजे मंद. गोळी विसरायची भीती नाही, चहाला थांबायला नको. यंत्र चांगलंच होतं. वाईट एवढंच, की आकडा घरातल्या सगळ्यांच्या फोनवर जायचा. मुलगी बंगळूरला शिकत होती. आईने तोंड उघडायच्या आधीच तिचा निरोप यायचा, 'आई, शांत हो गं.' प्रणिता त्या यंत्राला गळ्यातला शहाणा म्हणायची. घरात तेवढं एकच शहाणं मानलं जात होतं.

हा शहाणपणा घराबाहेर कसा पडला तेही ऐकण्यासारखं आहे. एका कारखानदाराने कारखाना विकला, मग त्याला पश्चात्ताप झाला. सहीच्या दिवशी आपला थायरॉइड बिघडला होता, असं त्याच्या वकिलाने यंत्राच्या नोंदींवरून सिद्ध केलं आणि व्यवहार रद्द झाला. मग काय, सगळे खरेदीदार धास्तावले आणि 'समतोल कायदा' आला. ज्याच्या अंगात असं यंत्र असेल, त्याची मोठ्या व्यवहारातली सही आकडा हिरवा असेल तरच धरायची. लाल असेल तर जवळच्या नातलगाने साहाय्यक म्हणून सही करायची. ज्याच्या अंगात यंत्रच नाही, तो जन्मजात समतोल. यंत्रं बहुतेक बायकांच्या गळ्यात होती. कायद्यात बायकांचा उल्लेख कुठेही नव्हता, आणि तो करायची गरजही नव्हती.

अभिनंदनच्या अंगात कुठलंही यंत्र नव्हतं. क्रिकेटचा सामना हरला की तो रिमोट भिंतीवर फेकायचा, रक्तदाबाची गोळी लोणच्याबरोबर गिळायचा आणि ज्योतिषाला विचारल्याशिवाय गाडी घ्यायचा नाही. त्याची सही बिनदिक्कत चालत होती.

आणि सहीचाच प्रश्न होता. 'माईचा अळीव लाडू' ही कंपनी अर्धी प्रणिताच्या नावावर होती, कारण लाडू तिच्या आईचा होता. जयसिंगपूरला माई अख्ख्या गल्लीतल्या बाळंतिणींना हे लाडू करून द्यायची. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, गूळ-खोबऱ्यात मंद आचेवर आटवायचे, जायफळ किसून घालायचं, बस्स. आता मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला हा लाडू राज्यातल्या झाडून सगळ्या प्रसूतिगृहांत पोचवायचा होता. अभिनंदनच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. प्रणिता म्हणत होती, आत काय आहे ते कळल्याशिवाय माझ्या आईचं नाव लावलेला लाडू ओल्या बाळंतिणीच्या तोंडात जाणार नाही. ती नाही म्हणत होती, आणि आकडा लाल होता, म्हणून ते नाही कुणी धरत नव्हतं. कंपनीच्या बाईंना मात्र खोक्यावरच्या चेहऱ्याची स्वतःची सही मिळाली तर हवी होती. "बरं दिसतं ते," त्या म्हणाल्या होत्या. म्हणून सगळे तिचा आकडा उतरायची वाट बघत थांबले होते.

तो उतरवायला अभिनंदन तिला मिरजेला डॉ. परिमल आवटींकडे घेऊन गेला. डॉक्टर मोठे होते. त्यांच्या खोलीत भिंतभर पडदा होता आणि त्यावर प्रणिताचा चार महिन्यांचा आलेख. डॉक्टर त्या आलेखाशी बोलत होते. प्रणिता मधे खुर्चीत होती.

"थायरॉक्सिन वर, टीएसएच खाली. दोन्ही एकच सांगतात. थायरॉइड तेज."

"डॉक्टर, मला थंडी वाजते. मे महिन्यात, सांगलीत, मी शाल पांघरून बसले होते."

"हं. धडधड?"

"नाही. नाडी पन्नासच्या आसपास आहे."

"ती आपण धडधडीवर गोळी दिली ना, तिच्यामुळे."

"धडधड नव्हती. तरी दिलीत."

"आकडा होता ना." डॉक्टर पहिल्यांदाच तिच्याकडे वळले आणि हसले. समजूतदार हसू होतं, लहान मुलाला देतात तसं.

"माझं वजन वाढलंय. आवाज घोगरा झालाय, तोंड सुजतंय, पोट साफ होत नाही. ही सगळी मंद थायरॉइडची लक्षणं आहेत. लग्नाआधी मी दोन वर्षं इथंच, मिरजेच्या लॅबमध्ये रक्त तपासलंय. एवढं मला कळतं."

"असं बघा, पेशंटचं सांगणं आणि यंत्राचं मोजणं जुळेना झालं, तर आम्ही कुणाचं ऐकायचं?"

"एकदा हात लावून बघा की. एवढंच म्हणते."

हात लावायला डॉक्टरांची ना नव्हती. सवय मोडली होती. त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं आणि यंत्रातून सुटणारं औषध आणखी उतरवलं. जिला मुळात औषध कमी पडत होतं तिचं उरलंसुरलं औषध काढून घेऊन डॉक्टर आवटी पुढच्या आलेखाकडे वळले. परतताना अभिनंदन गाडीत शीळ घालत होता.

पुढचे दिवस तिचे फार वाईट गेले. जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागायचं. बोलायला शब्द सापडायचे नाहीत, आणि सापडेपर्यंत समोरच्याने फोन बघितलेला असायचा. आपण अशाच एका सकाळी उठणार नाही आणि त्या दिवशीही हे लोक आपल्याला तेजच म्हणतील, याची तिला खरीखुरी भीती वाटायला लागली. राग यायचा, पण रागालाही अंगात ऊब लागते.

मग भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. घर जैन, आक्का कडक. पर्वाचे दहा दिवस घरातल्या बायका एकाशन करायच्या, म्हणजे दुपारी एकदाच जेवायचं, सकाळ-संध्याकाळ काही नाही. यंत्राने कातडीखाली औषध सोडलं तर एकाशन मोडतं का, यावर आक्कांनी शेजारणीबरोबर दोन दुपारी खल केला आणि मोडत नाही असं ठरवलं. सकाळचा आणि संध्याकाळचा लाडू मात्र बंद झाला. खोक्यावरच्या बाईलाही पर्वात सूट नव्हती.

आणि आकडा हलला. आधी हळूच, मग सरळ खाली. पर्व अर्ध्यावर आलं तेव्हा तो हिरव्या पट्ट्यात होता.

"बघितलंस न्हवं?" आक्कांचा ऊर भरून आला. "वरताचा गुण हाय ह्यो. मन शांत झालं पोरीचं."

अभिनंदनने मंदिरात नारळ चढवला. मुलीचा निरोप आला, 'आई, खूप छान!' सगळं घर प्रणिताशी अचानक माणसाशी बोलावं तसं बोलायला लागलं, आणि तिला त्या सगळ्यांची किळस आली. कारण तिच्या अंगात तसूभरही फरक नव्हता. तीच थंडी, तोच सुजलेला चेहरा, तीच पन्नासची नाडी. माणूस होतं तसंच होतं आणि आकडा बदलला होता. मग बदललं काय? लाडू बंद झाला होता, एवढंच.

ती पलंगावर उठून बसली. मिरजेच्या लॅबमध्ये, रक्त घ्यायच्या खुर्चीसमोर एक पाटी असायची: केसांच्या, नखांच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. ती स्वतः ही पाटी रोज पुसायची.

त्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं. जीवनसत्त्वच आहे, त्याने अंगाला काही होत नाही. पण थायरॉइड मोजायच्या कितीतरी तपासण्या बायोटिनवरच बेतलेल्या असतात. तपासणीच्या पट्टीवर बायोटिनला घट्ट धरून ठेवणारं एक प्रथिन लावलेलं असतं, आणि टीएसएचला पकडणारे रेणू बायोटिनची शेपटी लावून त्यावर बसवतात. लग्नाच्या पंगतीत मानकऱ्यांसाठी पाट मांडावेत तसं. आता रक्तातच फुकटं बायोटिन भरमसाट असेल, तर ते येऊन आधी पाटांवर बसतं. मानकरी मांडवाबाहेर उभे. मोजणारा म्हणतो, टीएसएच फार थोडा आहे. थायरॉक्सिनची मोजणी उलट चालते, पाटांवर मानकरी कमी म्हणजे थायरॉक्सिन जास्त, म्हणून तिथे तो म्हणतो, बापरे, केवढं वाढलंय. दोन खोट्या साक्षी तंतोतंत जुळतात आणि डॉक्टर आवटी म्हणतात, दोन्ही एकच सांगतात. यंत्र औषध तोडतं. खाणं बंद केलं की दोन-तीन दिवसांत बायोटिन लघवीवाटे निघून जातं आणि यंत्राला खरं दिसायला लागतं.

यंत्राबरोबरच्या माहितीपत्रकात बायोटिनच्या गोळ्या घेऊ नका असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तिने कधी घेतल्याही नव्हत्या. लाडू घेऊ नका असं कुठे लिहिणार?

तिचा विचार पुरा होतो न होतो तोच अभिनंदन दारात उभा. "आवर लवकर. आज आकडा हिरवा आहे. कंपनीच्या बाई कोल्हापूरला आल्यात, निघाल्यात तिकडून. आजच सही होऊन जाऊ दे."

नोंदणी कार्यालयात अधिकाऱ्याने तिच्या गळ्याजवळ आकडा वाचायचं यंत्र धरलं, हिरवा दिवा लागला. कंपनीच्या बाई गोड हसल्या. अभिनंदनने पेन उघडून तिच्या हातात दिलं.

"माझी ना आहे," प्रणिता म्हणाली.

अभिनंदनने सवयीने फोन काढला, बघितला आणि पुन्हा बघितला. आकडा हिरवाच होता.

"मॅडमची ना आहे आणि आकडा हिरवा आहे," अधिकारी म्हणाला. "म्हणजे ना धरावी लागेल. सोमवारची तारीख देतो. त्या दिवशी आकडा काय असेल त्यावर."

चार महिन्यांत पहिल्यांदा तिचं नाही हे नाही म्हणून ऐकलं गेलं. तिला रडू आलं, पण तिने ते कंपनीच्या बाईंसमोर येऊ दिलं नाही.

परतताना गाडीत तिने अभिनंदनला सगळं सांगितलं. पंगत, पाट, मानकरी, यंत्राने तोडलेलं औषध. ओरडली नाही. नवऱ्याबद्दल तिचं एक जुनं मत होतं: माणूस मूर्ख आहे, पण वाईट नाही. बावीस वर्षं तिने या मतावर संसार केला. मूर्खाला नीट समजावून सांगितलं की तो थांबतो, अशी तिची समजूत होती.

"बायोटिन घालता ना?"

"थोडंसंच," तो पुढे रस्त्याकडे बघत म्हणाला. "जीवनसत्त्वच आहे की. विष थोडंच आहे?"

"थोडंसं म्हणजे किती, ते लोकांच्या कपाळावरच्या नव्या केसांवरून कळतंय. मी आतून मरत चाललेय. आणि मी एकटी नाही. बाळंतपणानंतर कितीतरी बायकांना थायरॉइड होतो, त्यांच्याही गळ्यात हेच यंत्र आहे आणि हातात आपला लाडू."

"म्हणजे लाडू खाल्ला की आकडा लाल होतो," तो सावकाश म्हणाला. "आणि बंद केला की हिरवा."

"हो."

"किती दिवसांत?"

"दोन-तीन."

"अस्सं," तो म्हणाला आणि घर येईपर्यंत गप्प बसला. त्याला धक्का बसलाय असं तिला वाटलं. तिला त्याची थोडी दयासुद्धा आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का मंदिरात गेल्या होत्या. प्रणिता स्वयंपाकघरात आली तर टेबलावर चहाचा कप, आणि शेजारी बशीत लाडू. एक नाही, दोन. अभिनंदन समोर बसला होता.

"खा," तो म्हणाला. "फार अशक्त दिसतेस गं. एकाशन पुरे आता. आक्काला मी सांगतो."

या घरात पर्वाच्या दिवसांत आजारी मुलानेही सकाळी बिस्कीट मागितलं तर मिळायचं नाही. आणि हा माणूस स्वतःच्या हाताने लाडू वाढून बसला होता. प्रणिता त्या बशीकडे बघत राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला तिचं बोलणं पहिल्या झटक्यात पूर्ण समजलं होतं. आपण नवऱ्याला मूर्ख समजत होतो, हाच आपला सगळ्यात मोठा मूर्खपणा होता, हे तिला त्या क्षणी कळलं.

"ठेवा. खाते," ती म्हणाली, आणि तो उठून गेल्यावर तिने दोन्ही लाडू पदराआड नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकले. रोज सकाळी त्याने ठेवले, रोज तिने टाकले.

आकडा हिरव्यात थांबला नाही. तो आणखी उतरला आणि खालच्या लालमध्ये गेला, म्हणजे तिची खरी जागा होती तिथे. यंत्राला एकदाचं खरं दिसलं आणि ते मुकाट्याने औषध वाढवायला लागलं. अभिनंदनने फोनवर लाल रंग बघितला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. वरचा का खालचा हे त्याने बघितलंसुद्धा नाही. लाल तो लाल, साहाय्यकाची सही पक्की. त्याने कंपनीच्या बाईंना रविवारीच यायचं आमंत्रण दिलं. रविवारी क्षमावाणी होती, सगळा समाज जमणार होता, आणि दारात प्रत्येकाला लाडवाचं खोकं भेट द्यायचं असा त्याचा बेत होता.

क्षमावाणीला पर्व संपल्यावर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. धाकटा थोरल्याची, थोरला धाकट्याची, सासू सुनेची. मंदिराशेजारचं सभागृह भरलं होतं. जो तो हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणत होता आणि पुढच्या माणसाकडे सरकत होता. अभिनंदन कंपनीच्या बाईंना घेऊन मधोमध आला. चार लोक बघताहेत याची खात्री केली आणि बायकोसमोर वाकला.

"उत्तम क्षमा. जाणते-अजाणतेपणी माझ्याकडून तुझं मन दुखावलं असेल, तर क्षमा कर."

"जाणतेपणी की अजाणतेपणी, तेवढं सांग," प्रणिता म्हणाली.

ती त्याला पहिल्यांदाच, आणि तेही चारचौघांत, अरेतुरे करत होती. आजूबाजूचे वळून बघायला लागले.

"लाडवात बायोटिन घातलंस, ते अजाणतेपणी धरते. ते खाऊन माझं यंत्र चुकलं, माझं औषध तुटलं, मी निम्मी मेले, तेही धरते अजाणतेपणी. पण हे सगळं मी तुला गाडीत समजावून सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पर्व चालू असताना, तू माझ्यापुढे लाडू ठेवलास. एक नाही, दोन. ते कशात धरू?"

आक्कांनी लेकाकडे बघितलं. "पर्वात?" त्यांनी एवढंच विचारलं. बायोटिन त्यांना कळलं नव्हतं, हे कळलं.

अभिनंदन हसला आणि लोकांकडे वळला. "तिचा आकडा लाल आहे हो. कुणी मनावर घेऊ नका."

आणि खरंच, माना हलल्या, चेहऱ्यांवर सुटल्याचा भाव आला. चला, आजार बोलतोय. शिकलेली, सुखवस्तू माणसं, पण एका रंगाने त्यांचं सगळं अवघड काम वाचवलं. प्रणिताला वाटलं होतं आपल्याला राग येईल. आला नाही. तिला ती सगळी माणसं फार क्षुल्लक वाटली.

"खरं आहे," ती मोठ्याने म्हणाली. आवाज घोगरा होता, पण पोचत होता. "माझा आकडा आज खराच लाल आहे. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी सांगतेय म्हणून काहीच करू नका. ज्या बायकांच्या गळ्यात यंत्र आहे त्यांनी घरी जाऊन चार दिवस हा लाडू बंद करावा आणि आपापला आकडा बघावा. बदलला नाही तर मी वेडी. बदलला तर औषध किती तुटलंय ते त्याच दिवशी डॉक्टरला विचारा. बस्स."

मागच्या रांगेत तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसलेली एक मुलगी उभी राहिली. रेवती तिचं नाव, पाटलांची सून. "काकू," ती म्हणाली, "मला पण थंडी वाजते. घरी सगळे म्हणतात तुझा आकडा वर आहे, तुला उकडायला पाहिजे." तिच्या नवऱ्याने तिचा हात धरून खाली बसवायला बघितलं. ती बसली नाही. तिने हातातलं लाडवाचं खोकं खुर्चीखाली ठेवलं. मग दुसऱ्या एकीने ठेवलं.

कंपनीच्या बाई स्वतःच्या गळ्याजवळ बोट फिरवत होत्या. "मी पण महिनाभर खातेय," त्या अभिनंदनला हळूच म्हणाल्या आणि चहा न घेता निघून गेल्या.

चार दिवसांनी सांगली-मिरजेत फोन खणखणायला लागले. हिरवे, मग खालचे लाल, घराघरांत. डॉ. आवटींचाही प्रणिताला फोन आला. "तुम्ही बायोटिन खात होता हे मला आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. ती इतकी हसली की घोगऱ्या गळ्यात ठसका लागला. मोठ्या कंपनीने व्यवहार मोडला. 'माईचा अळीव लाडू' दुकानांतून परत यायला लागला. आक्कांनी लेकाशी बोलणं सोडलं, आणि तेही बायोटिनमुळे नव्हे. सुनेचं औषध तोडलं ते चाललं, एकाशन मोडायला निघाला ते चाललं नाही. प्रणिताने तेवढंही पदरात पाडून घेतलं. मिळेल तिथून घ्यावं.

तीन आठवड्यांनी तिच्या हातापायांत ऊब आली. ती कपाटातून साड्या काढून बॅगेत भरत होती. मिरजेच्या लॅबजवळ तिने खोली घेतली होती. अभिनंदन दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात फोन नव्हता.

"चुकलो मी," तो म्हणाला. "क्षमा कर."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल."

"सगळ्याबद्दल म्हणजे कशाबद्दलच नाही."

तो उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "मला वाटलं, सोमवारपर्यंतच तर आहे. चार-पाच दिवस खाल्लास तर काय मरत नाहीस."

तिने त्याच्याकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. बावीस वर्षांतलं त्याचं ते सगळ्यात खरं वाक्य होतं, आणि एवढंच त्याच्याजवळ होतं. तिने बॅगेची चेन ओढली.

"क्षमावाणी होऊन गेली, अभिनंदन. आता पुढच्या वर्षी मिरजेला ये. तोवर एकेक आठवून ठेव. मी मोघम काही घेणार नाही."